संसदेचे हात कुठे बांधलेले आहेत?

गेल्या अंकात एका उत्तराच्या ओघात ‘आपल्याकडे संसद सार्वभौम नाही, संविधान सार्वभौम आहे’ असे वाक्य आम्ही लिहून गेलो आणि त्या एका वाक्यावर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्यालाच द्यावे लागले. पत्रे कायद्याच्या विद्यार्थ्यांची असतील असे वाटले होते. प्रत्यक्षात बहुतेक पत्रे जमीन, वारसा आणि पतसंस्था यांच्या काळजीतून लिहिलेली निघाली. दोघा पत्रलेखकांचे वाद न्यायालयात चालू असल्यामुळे कोणाचीच नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : मी बत्तीस वर्षे नागरिकशास्त्र शिकवले. ‘संसद ही कायदे करणारी देशातील सर्वोच्च संस्था आहे’ हे वाक्य दरवर्षी फळ्यावर लिहून मुलांकडून पाठ करून घेतले. आपले वाक्य वाचून अस्वस्थ झाले. मी चुकीचे शिकवले का?
— निवृत्त शिक्षिका, फोंडा

उत्तर : बाई, फळ्यावरचे वाक्य चुकीचे नव्हते, अपुरे होते. कायदे करणाऱ्या संस्थांमध्ये संसद सर्वोच्च आहे, हे खरेच आहे. परंतु ती संस्था स्वतःच संविधानाने निर्माण केलेली असल्यामुळे ज्याने तिला अधिकार दिला त्याच्या वर तिला जाता येत नाही. ब्रिटनमध्ये लिखित संविधान एका दस्तऐवजात नाही आणि तेथील संसदेने केलेला कायदा संविधानविरोधी म्हणून रद्द करण्याचा अधिकार तेथील न्यायालयांना नाही. आपल्या पाठ्यपुस्तकांतील ‘सर्वोच्च’ हा शब्द तिकडूनच आला असावा, अशी आमची समजूत आहे. आपल्या घटनाकारांना ती पद्धत चांगली ठाऊक होती आणि तरीही त्यांनी ती जशीच्या तशी उचलली नाही. घरात संविधानाची मराठी प्रत असेल तर अनुच्छेद २४५ काढून पाहावा. संसदेला देशासाठी कायदे करण्याचा अधिकार देणारा हाच तो अनुच्छेद, आणि त्याच्या आरंभीच संविधानाच्या तरतुदींना ‘अधीन राहून’ असे शब्द आहेत. अधिकार देतानाच अट घातलेली आहे.

या अटीचा अर्थ अनुच्छेद १३ मध्ये उलगडतो: मूलभूत हक्क हिरावून घेणारा किंवा त्यांचा संकोच करणारा कायदा राज्यसंस्थेने करू नये, आणि केलाच तर तो जेवढ्यापुरता हक्कांशी विसंगत असेल तेवढ्यापुरता शून्य ठरेल. हे कागदावरच राहिलेले नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलम ६६-अ संसदेने २००८ मध्ये रीतसर संमत केले होते; २०१२ मध्ये समाजमाध्यमावरील एका मजकुरावरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली तेव्हा ते देशभर गाजले, आणि २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते भाषणस्वातंत्र्याच्या विरोधी म्हणून रद्द केले. दोन्ही सभागृहांची संमती आणि राष्ट्रपतींची स्वाक्षरी यांपैकी काहीही त्याला वाचवू शकले नाही. त्याचप्रमाणे काल जे कृत्य गुन्हा नव्हते त्याबद्दल आज कायदा करून शिक्षा देण्याची मुभा संसदेला नाही, कारण अनुच्छेद २० तिच्या आड येतो.

मात्र एक गोष्ट मुलांना आम्ही अवश्य सांगितली असती. संसद दोन वेगवेगळ्या भूमिकांत काम करते. साधा कायदा करताना ती संविधानाच्या आत उभी असते. घटनादुरुस्ती करताना ती संविधानाच्याच मजकुराला हात घालत असते. पहिल्या कामासाठी उपस्थितांचे साधे बहुमत पुरते. दुसऱ्यासाठी प्रत्येक सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येचे बहुमत आणि उपस्थित राहून मतदान करणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश मते लागतात. दोहोंच्या मर्यादाही वेगवेगळ्या आहेत. ‘संसद हे करू शकते का?’ असा प्रश्न कानावर आला की आम्ही आधी उलट विचारतो, साध्या कायद्याने की दुरुस्तीने? खालील प्रत्येक पत्राचे उत्तर याच ठिकाणी फिरते.

प्रश्न : आमच्या गावात कोमुनिदादीच्या, म्हणजे गावची सामायिक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या ग्रामसंस्थेच्या, जमिनीविषयी नेहमी ऐकू येते की दिल्लीने मनात आणले तर एका कायद्याने सगळ्या कोमुनिदादी मोडीत काढता येतील. हे खरे आहे काय?
— एक गावकार, डिचोली तालुका

उत्तर : ३० मे १९८७ पूर्वी आपण हा प्रश्न विचारला असता तर ‘होय’ असे उत्तर द्यावे लागले असते. गोवा, दमण व दीव तोवर केंद्रशासित प्रदेश होता आणि अनुच्छेद २४६ च्या चौथ्या खंडानुसार जो भूभाग कोणत्याही राज्यात मोडत नाही त्याच्यासाठी संसदेला राज्यसूचीतील, म्हणजे एरवी राज्यांसाठी राखून ठेवलेल्या, विषयांवरही कायदा करता येतो. पणजीत १९६३ पासून निवडून आलेली विधानसभा होती, ती कायदेही करीत होती. पण तिच्या प्रत्येक विषयात संसदेला शिरकाव होता. घटकराज्याचा दर्जा मिळाल्याचे वर्णन आपल्याकडे बहुधा अस्मितेच्या भाषेत होते. कायद्याच्या भाषेत त्या दिवशी घडले ते असे की, राज्यसूचीचे दार संसदेसाठी एरवी बंद झाले.

जमीन, जमिनीवरील हक्क, जमीनमालक व कूळ यांचे संबंध हा विषय राज्यसूचीच्या १८ व्या नोंदीत आहे. त्यामुळे कोमुनिदादींचे काय करायचे हे आज मुख्यतः पर्वरीत, म्हणजे गोवा विधानसभेत, ठरते, आणि गावकारांच्या (कोमुनिदादीच्या सदस्यांच्या) तक्रारींचा रोखही बऱ्याच वेळा दिल्लीऐवजी पर्वरीकडे असायला हवा, असे आमचे मत आहे.

तरीही बंद दाराला काही फटी आहेत. राज्यसभेने उपस्थितांच्या दोन तृतीयांश मतांनी राष्ट्रहितासाठी ठराव केला तर एका वेळी एक वर्षापुरता राज्यसूचीतील विषय संसदेकडे जातो. राष्ट्रीय आणीबाणीत तो जातो. राष्ट्रपती राजवटीत विधानसभेचे अधिकार संसदेकडे सोपवले जाऊ शकतात, आणि गोव्याने १९९०, १९९९ व २००५ मध्ये ती राजवट पाहिलेली आहे. आंतरराष्ट्रीय कराराची अंमलबजावणी करायची असेल तरीही सूचीची आडकाठी राहत नाही. आणखी एक वाट अशी की दोन किंवा अधिक राज्यांच्या विधानमंडळांनी आपण होऊन ठराव करून विषय संसदेच्या हवाली करावा. याचे उदाहरण घरचेच आहे: मानवी अवयव प्रत्यारोपणाचा १९९४ चा केंद्रीय कायदा सुरुवातीला ज्या तीन राज्यांना लागू झाला ती गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र होती, कारण त्यांनी तसे ठराव केले होते. मात्र विषय असा एकदा हवाली केला की त्या कायद्यात बदल करण्याचा अधिकार संसदेकडेच राहतो, राज्याच्या विधानसभेला तो बदलता येत नाही. देताना सोपे असते, परत घेता येत नाही.

आपल्या पत्रात न आलेली पण आपल्याला अधिक जवळची गोष्ट सांगतो. भूसंपादन हा विषय समवर्ती, म्हणजे संसद व राज्ये या दोघांच्या सामायिक, सूचीत आहे; रेल्वे आणि राष्ट्रीय महामार्ग हे संघसूचीत, म्हणजे केवळ संसदेच्या विषयांत, आहेत. कोमुनिदाद ही संस्था साध्या केंद्रीय कायद्याने मोडता येणार नाही. पण तिच्या शेतातून महामार्ग नेण्यासाठी केंद्रीय कायद्याखाली जमीन घेता येते, आणि तशी ती घेतलीही जाते. कायद्याचा गाभा कोणत्या विषयाचा आहे हे न्यायालय पाहते. वाटेत दुसऱ्या सूचीतील विषयाला थोडा धक्का लागला एवढ्यावरून कायदा रद्द होत नाही.

प्रश्न : देशभरासाठी समान नागरी कायदा झाला तर गोव्याची नागरी संहिता राहील का? ती संविधानाने संरक्षित आहे असे आमचे नातेवाईक ठामपणे सांगतात.
— गृहिणी, मडगाव

उत्तर : नातेवाइकांचा ठामपणा चुकीच्या जागी आहे. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता मुक्तीनंतर आपोआप टिकून राहिली नाही. संसदेने १९६२ मध्ये गोवा, दमण व दीव प्रशासन कायदा केला, त्याच्या कलम ५ ने जुने कायदे पुढे चालू ठेवले, आणि तेही सक्षम विधिमंडळ किंवा अधिकारी ते बदलेपर्यंत किंवा रद्द करीपर्यंतच. सर्वोच्च न्यायालयाने १३ सप्टेंबर २०१९ च्या निकालात हेच सांगितले: ही संहिता आज लागू आहे ती भारतीय संसदेने ती स्वीकारली म्हणून, आणि म्हणून ती भारतीय कायद्याचाच भाग आहे. त्याच निकालाने गोव्यात अधिवास असलेल्या व्यक्तीच्या राज्याबाहेरील मालमत्तेचा वारसाही याच संहितेने ठरेल असे म्हटले, ज्याचा परिणाम मुंबई-पुण्यात घरे घेतलेल्या अनेक गोमंतकीय कुटुंबांवर झाला.

विवाह, घटस्फोट, वारसा हे विषय समवर्ती सूचीतील पाचव्या नोंदीत आहेत. म्हणजे गोवा विधानसभेलाही कायदा करता येतो आणि संसदेलाही. वारसाविषयक भाग आपल्या विधानसभेने २०१२ च्या स्वतंत्र कायद्यात आणला आहे, आणि आपल्याकडे इन्व्हेंटरीची, म्हणजे वारसांतील वाटणीची, प्रकरणे आता त्याखाली चालतात. अशा विषयात राज्याच्या कायद्याला राष्ट्रपतींची संमती असली तर तो केंद्रीय कायद्याशी विसंगत असूनही त्या राज्यात टिकतो. पण त्यानंतर संसदेने पुन्हा वेगळा कायदा केला तर ते संरक्षणही उरत नाही. येथे संसदेच्या वाटेत उभे आहेत ते मूलभूत हक्क, सूची नाही. मुलांच्या वाट्याची ‘लेजितिमा’ (वारशातील राखीव हिस्सा) किंवा पती-पत्नीची निम्मी-निम्मी मालकी टिकवायची असेल तर ती संसदेच्या त्या कायद्यात लिहून घ्यावी लागेल. ‘संविधान पाहून घेईल’ या भरवशावर बसता येणार नाही.

प्रश्न : सोबत आमच्या जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्याची (मालक व कूळ यांच्या सरकारी नोंदीची) झेरॉक्स जोडली आहे. कुळाच्या रकान्यात वडिलांचे नाव आहे. भाटकाराकडील (जमीनमालकाकडील) मंडळी सांगतात की कूळ कायदा न्यायालयात टिकणार नाही. आमचे वकील सांगतात की तो नवव्या अनुसूचीत असल्यामुळे न्यायालय त्याला हातच लावू शकत नाही. कोणाचे खरे मानावे?
— शेतकरी, पेडणे

उत्तर : दोघांचेही अर्धेच. उतारा परत पाठवला आहे. मूळ प्रत जपून ठेवावी. आपल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर येथे मत देत नाही; नववी अनुसूची काय करते तेवढे सांगतो, कारण संसदेच्या अधिकाराचा सगळा झगडा शेतजमिनीवरूनच सुरू झाला.

स्वातंत्र्यानंतर जमीनदारी नष्ट करणारे कायदे मालमत्तेच्या हक्काच्या आधाराने न्यायालयात अडकू लागले; बिहारचा कायदा पाटणा उच्च न्यायालयाने रद्द केला. म्हणून १९५१ मध्ये पहिल्याच घटनादुरुस्तीने ही अनुसूची जोडण्यात आली: तिच्यात ज्या कायद्याचे नाव गेले तो मूलभूत हक्कांच्या विरोधी म्हणून रद्द करता येणार नाही. सुरुवातीला तेरा कायदे होते. पुढे यादी फुगत गेली आणि तिच्यात जमिनीशी संबंध नसलेलेही कायदे शिरले. गोवा, दमण व दीवच्या कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती, जी १९७६ ची आहे, ती १९८४ च्या ४७ व्या घटनादुरुस्तीने तेथे गेली.

आता हे वर्ष, १९८४, लक्षात ठेवावे.

दरम्यान मूळ प्रश्न पेटलेला होता: दोन तृतीयांश मते हाती असलेली संसद दुरुस्ती करून मूलभूत हक्कच काढून टाकू शकते काय? १९५१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘होय’ म्हटले. १९६७ मध्ये गोलकनाथ प्रकरणात सहा विरुद्ध पाच अशा मतांनी ‘नाही’ म्हटले. संसदेने १९७१ मध्ये २४ वी दुरुस्ती करून आपला अधिकार परत मिळवला. मग कासरगोडजवळच्या एडनीर मठाचे स्वामी केशवानंद भारती केरळच्या जमीन कायद्याविरुद्ध न्यायालयात आले. तेरा न्यायाधीशांपुढे अडुसष्ट दिवस सुनावणी चालली. मठाच्या बाजूने नानी पालखीवाला, केरळच्या बाजूने एच. एम. सीरवाई, दोघेही मुंबईचे. २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा अशा निसटत्या बहुमताने निकाल लागला: संसद संविधानाचा कोणताही अनुच्छेद दुरुस्त करू शकते, पण संविधानाची मूलभूत चौकट मोडू शकत नाही.

चौकट म्हणजे नेमके काय याची यादी न्यायालयाने तेव्हाही बंद केली नाही, आजही केलेली नाही, आणि या सैलपणावर टीका करणाऱ्यांचे म्हणणे आम्हाला अगदीच बिनबुडाचे वाटत नाही. निवडून न आलेल्या न्यायाधीशांनी निवडून आलेल्यांना ‘इथे थांबा’ म्हणावे हे लोकशाहीत सहज पचणारे नाही. परंतु निकालाची परीक्षा फार लवकर झाली. १९७५ मध्ये ३९ व्या दुरुस्तीने पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद न्यायालयांच्या कक्षेबाहेर नेण्यात आला, तोही अपील प्रलंबित असताना. १९७६ मध्ये ४२ व्या दुरुस्तीने घटनादुरुस्तीच्या अधिकाराला कोणतीही मर्यादा नाही आणि तिच्याविरुद्ध कोणत्याही न्यायालयात जाता येणार नाही, असे संविधानातच लिहून टाकले. ३९ व्या दुरुस्तीचा तो भाग न्यायालयाने १९७५ मध्येच रद्द केला, ४२ व्या दुरुस्तीचा १९८० मध्ये मिनर्व्हा मिल्सच्या निकालात. या दुसऱ्या निकालात बहुमताचे मत लिहिणारे सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड १९७३ मध्ये मूलभूत चौकट नाकारणाऱ्या सहा जणांपैकी एक होते. मर्यादित अधिकार वापरून तोच अधिकार अमर्याद करून घेता येत नाही, असा त्यांच्या १९८० च्या विवेचनाचा आशय आहे. मधल्या सात वर्षांत देशाने काय पाहिले होते हे लक्षात घेतले की त्या बदलाचे नवल वाटत नाही.

आता आपल्या उताऱ्याकडे. ११ जानेवारी २००७ रोजी नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितले की २४ एप्रिल १९७३ नंतर नवव्या अनुसूचीत घातलेले कायदे मूलभूत चौकटीच्या कसोटीवर तपासता येतील. (त्या प्रकरणाचे नाव आय. आर. कोएल्हो. नाव वाचून ते गोव्यातले असावे असे अनेकांना वाटते. ते तमिळनाडूतील जमिनीचे होते.) कूळ कायद्याची दुरुस्ती अनुसूचीत १९८४ मध्ये गेली, म्हणजे त्या तारखेनंतर. तेव्हा ‘न्यायालय हात लावू शकत नाही’ हे वकिलांचे विधान आता पूर्ण खरे नाही. परंतु तपासता येणे आणि रद्द होणे यांत मोठे अंतर आहे: कसणाऱ्याला जमीन मिळावी यासाठीच्या कायद्यांना अनुच्छेद ३१-अ चेही स्वतंत्र संरक्षण आहे, आणि ते न्यायालयाने १९८० मध्ये वैध ठरवलेले आहे. त्यामुळे भाटकाराकडील मंडळींच्या बोलण्याने आपण झोप उडवून घेण्याचे कारण दिसत नाही.

प्रश्न : गोव्याला ‘विशेष दर्जा’ मिळाला तर बाहेरच्यांना जमिनी विकत घेता येणार नाहीत ना? आणि ३७१ मध्ये गोव्याचे नाव आधीच आहे, मग आणखी काय हवे?
— महाविद्यालयीन विद्यार्थी, म्हापसा

उत्तर : नाव आहे, पण नावापुरतेच. अनुच्छेद ३७१-झ (इंग्रजी प्रतीत 371-I) मध्ये गोव्याची विधानसभा किमान तीस सदस्यांची असेल एवढेच लिहिले आहे. जमिनीचा उल्लेखही नाही. लोकांच्या मनात असते ते नागालँडचे ३७१-अ (371-A) आणि मिझोरमचे ३७१-ग (371-G). त्यांची रचना पाहण्यासारखी आहे: धार्मिक व सामाजिक प्रथा, रूढीचा कायदा, जमिनीची मालकी व हस्तांतरण यांविषयी संसदेने केलेला कायदा त्या राज्याच्या विधानसभेने ठराव केल्याशिवाय तेथे लागू होत नाही. म्हणजे ही तरतूद खरेदीदाराला अडवत नाही, संसदेला अडवते. साध्या कायद्याच्या वाटेवर उभारलेला तो नाका आहे, आणि त्याची चावी राज्याच्या विधानसभेकडे आहे.

विक्रीवर निर्बंध आणायचे असतील तर त्यासाठी राज्याचाच कायदा लागतो, आणि जमीन राज्यसूचीत असल्यामुळे तो दर्जाविनाही करता येतो. शेतजमीन बिगरशेतकऱ्याला विकण्यावर निर्बंध घालणारा कायदा गोवा विधानसभेने २०२३ मध्ये केलाच आहे. विशेष दर्जाची मागणी करू नये असे आम्ही म्हणत नाही. आपण मागतो ती गोष्ट कोणाला बांधते, एवढे मागण्यापूर्वी पाहावे.

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या सभेत सांगण्यात आले की सहकाराविषयीची घटनादुरुस्ती संसदेने संमत करूनही रद्द झाली. दोन तृतीयांश मते मिळाल्यावरही ती कशी पडते?
— पतसंस्थेचे संचालक, वास्को

उत्तर : ती चौकटीवर पडली नाही, पद्धतीवर पडली. २०११ च्या ९७ व्या दुरुस्तीने संविधानात सहकारी संस्थांवर एक नवा भाग घातला: संचालक एकवीसपेक्षा अधिक नसावेत, त्यांची मुदत पाच वर्षांची असावी, वगैरे. हेतूविषयी फारशी तक्रार नव्हती. पण सहकारी संस्था हा राज्यसूचीतील विषय आहे, आणि त्यावर कायदा करण्याच्या राज्यांच्या अधिकारावर या दुरुस्तीने बंधने आणली. अनुच्छेद ३६८ नुसार केंद्र व राज्यांतील अधिकारवाटपाला स्पर्श करणाऱ्या दुरुस्तीला किमान निम्म्या राज्यांच्या विधानमंडळांचे अनुमोदन लागते. ते घेतलेच नव्हते. २० जुलै २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक अशा मताने तो भाग राज्यांतर्गत संस्थांपुरता रद्द केला. एकाहून अधिक राज्यांत काम करणाऱ्या संस्थांपुरता तो उरला. त्यामुळे आपली संस्था केवळ गोव्यात नोंदलेली असेल तर संचालकांची संख्या आणि मुदत यांसाठी राज्याचा सहकार कायदाच पाहावा. याच कारणावरून १९९२ मध्ये पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीतील न्यायालयांना दूर ठेवणारा सातवा परिच्छेद गळला होता. ती अनुसूची आपल्या आमदारांच्या चांगल्या परिचयाची आहे.

जाता जाता एक हिशेब. लोकसभेच्या ५४३ जागांपैकी गोव्याच्या दोन, राज्यसभेत एक. पण अनुमोदनाची मोजणी राज्यांची होते, लोकसंख्येची नव्हे. तेथे चाळीस आमदारांच्या गोवा विधानसभेचा ठराव उत्तर प्रदेशाच्या ठरावाइतकाच एक धरला जातो. असा ठराव पर्वरीत पुन्हा कधी मांडला गेला तर आपल्या आमदारांनी त्यावर किती वेळ चर्चा केली, हे आपण संचालक मंडळींनी प्रेक्षक सज्जात बसून अवश्य पाहावे.